उपभोगलेली रजा

चिटणीस साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि मला कळलं, की गेल्या दीड वर्षात मी जवळजवळ दोन महिने रजेवर होते.

मी हसले. खरंच हसले. दहाच मिनिटांपूर्वी त्याच खुर्चीत बसून मी नोकरीवरून काढल्याचं पत्र हातात घेतलं होतं आणि डोळ्यांतून टिपूसही काढलं नव्हतं. पण हे ऐकून हसू आवरेना.

"साहेब, दुसऱ्या कुणाचं तरी पान उघडलंय तुम्ही. मी दीपमाला म्हस्के. मेल्टिंग शॉप, दोन नंबरची क्रेन."

"तुमचंच आहे, दीपमालाताई."

"मी एक दिवस रजा घेतलेली नाही. सासूच्या तेराव्याला गेले ती रात्रपाळी करून गेले."

चिटणीस आमचे एचआरचे साहेब. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलायला लागला की आम्ही खिसे चाचपायचो. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शरीराने नाही घेतलीत," ते म्हणाले. "मनाने घेतलीत."

माझं हसू तिथेच थांबलं.

हे नीट कळायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना. भट्टीत भंगार वितळतं, त्याचं पोलाद होतं. ते पोलाद लेडलमध्ये ओततात. लेडल म्हणजे एक अवाढव्य बादली, आमच्या घरातलं स्वयंपाकघर तिच्यात आरामात मावेल. ती भरलेली बादली क्रेनने उचलायची, माणसांच्या अंगावरून संथपणे न्यायची आणि साच्यांपाशी टेकवायची. एकोणीस वर्षं हे काम मी केलं. जमिनीपासून तीन मजले उंच केबिनमध्ये मी, खाली वितळलेलं पोलाद आणि त्याच्या आजूबाजूला पोटासाठी राबणारी माणसं. बाई क्रेन चालवते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. पुढे त्यांनाच कंटाळा आला, कारण बघण्यासारखं काहीच व्हायचं नाही. क्रेनवाल्याची हीच तर शाबासकी असते.

दीड वर्षापूर्वी आम्हाला नवी हेल्मेटं मिळाली. नाव मोठं भारदस्त, 'चित्तवेध'. आत मऊ टोपी, कानांवरून खाली येऊन हनुवटीशी बांधायची. आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं टोपडं करून टाकलं.

ते समजावून द्यायला एक तरुण शास्त्रज्ञ कँटीनमध्ये आला होता. त्याने दिवे मालवले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि त्यावर स्वतःचा तळहात ठेवला. बोटांच्या कडा लाल दिसू लागल्या.

"हा उजेड मांसातून आरपार येतो," तो म्हणाला. "याच्याही पलीकडचा एक तांबडा उजेड असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तो कवटीच्या हाडातून आत जातो आणि थोडासा परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं. रक्त कुठे धावलं, ते परत आलेल्या उजेडावरून कळतं. माणूस समोरच्या कामात असला की मेंदूतलं एक जाळं जागं असतं. मन भटकायला लागलं, घर आठवलं, उद्याची काळजी लागली, की दुसरं जाळं जागं होतं. एक वर गेलं की दुसरं बहुतेक वेळा खाली येतं. टोपी दोघांवर नजर ठेवते. मन निघालं की ती थरथरते. माणूस भानावर येतो, अपघात टळतो."

"मन कुठं गेलं, ते बी कळतं का?" भट्टीवरच्या हमीदभाईंनी विचारलं. सगळे खो खो हसले.

"नाही काका. गेलं, एवढंच कळतं."

मीही तोंड उघडलं. "साहेब, भाकरी थापताना माझं मन गावभर हिंडून येतं. पण भाकरी कधी करपली नाही."

तो पोरगा खूश झाला. "अगदी बरोबर! हात सरावले की मन मोकळं होतं. मेंदू सवयीचं काम दुसऱ्या जाळ्यावर सोपवूनही नीट पार पाडतो. म्हणून तर टोपी नुसती थरथरते. यंत्र बंद करत नाही."

त्या दिवशी जेवणात गुलाबजाम होते. वाढप्याच्या शेजारी टॅबलेट ठेवला होता. अंगठा टेकवा आणि वाटी घ्या. त्या टॅबलेटवर काय लिहिलंय ते कुणीही वाचलं नाही. तुम्ही तरी वाचता का?

आता चिटणीस साहेबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'सलग दोन मिनिटांहून अधिक काळ कर्मचाऱ्याचे चित्त कामावरून हटल्यास तेवढा काळ मानसिक रजा समजून अर्जित रजेतून वळता करण्यात येईल.' खाली माझा अंगठा.

"थेंबे थेंबे करून भरलं ते," साहेब म्हणाले. "गेल्या आठ महिन्यांत तर फारच. म्हणून तर नोकरी गेली ना? तुमचं चित्त पंचावन्न टक्क्यांच्या वर येतच नव्हतं. कंपनीने बराच काळ समजून घेतलं."

"एक तरी अपघात झाला का माझ्या हातून?"

"प्रश्न अपघाताचा नाही, ताई."

"बरं. नोकरी घ्या. पण रजेचा पगार तरी? काढलेल्या माणसालाही शिल्लक रजेचा पगार द्यावा लागतो ना?"

"लागतो तर. शिल्लक असती तर याच क्षणी दिला असता." त्यांनी पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं.

मी जिना उतरून गेटबाहेर आले, पण माझं डोकं चालेना. ती रजा मी कशासाठी साठवली होती, ते शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रांजल माझी एकुलती एक मुलगी. तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. लेकीला सातव्यात आणायचं, आणि बाळ झालं की सव्वा महिना तिला पाण्यात हातही घालू द्यायचा नाही. तेल लावायचं, शेक द्यायचा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. घरात दुसरी बाई नाही, म्हणजे सगळं मीच करणार. म्हणून मी रजेचा एकेक दिवस जपला होता. लोक सोनं करून ठेवतात, मी रजा केली होती.

ते बाळंतपण झालंच नाही. सातव्या महिन्यात, माहेरी यायच्या आठवडाभर आधी, बाळ पोटातच गेलं. त्यानंतर प्रांजल माझ्याशी बोलली नव्हती. आठ महिने.

घरी पोहोचून पाणी प्याले आणि फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. मला वाटलं, नोकरी गेल्याचं कळलं असेल, शेवटी आईची दया आली असेल.

"बोल बाळा."

"तुझ्या कंपनीचा मेसेज आला," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "नॉमिनी म्हणून माझं नाव आहे ना तुझ्या कागदावर. तुझा शेवटचा हिशेब पाठवला त्यांनी. त्यात रजांची यादी आहे."

"अगं, ते काहीतरी भलतंच..."

"त्यात ती तारीख आहे, आई."

मी हातातला पेला ओट्यावर ठेवला.

"'पूर्ण पाळी, रजा उपभोगली.' असं लिहिलंय. तू म्हणली होती, रजा दिली नाही. मी आठ महिने मनाला समजावू राहिले, की आईचा इलाज नव्हता. चिडले होते, पण समजावू राहिले. अन् तू रजेवर होतीस? मी तिकडं ओरडू राहिले होते, आई. कुठं होतीस तू?"

मी काय सांगणार होते? कारखान्यातच होते, पण नव्हते? तिने थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. मी तशीच स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. पत्राने नाही, शून्याने नाही, पण त्या दोन शब्दांनी मला खाली बसवलं. रजा उपभोगली.

त्या दिवशी काय झालं ते एवढंच. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. जावयांचा फोन आला. प्रांजलला संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलंय, पोटात दुखतंय, बाळाची हालचाल लागत नाही. मी केबिनमधूनच मोबाईलवर रजेचा अर्ज टाकला. आमचे पाळीप्रमुख बोराडे. त्यांनी तो लगेच नामंजूर केला. दुसरा क्रेनवाला आला नव्हता. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "भट्टी भरलेली आहे म्हस्केबाई, माल तयार आहे. तुम्ही गेलात तर हा माल कोण उचलणार? खालच्या पोरांचा जीव जाईल." ते खोटं नव्हतं. मी परत वर चढले. पाळी सुटल्यावर तासाभरात दवाखान्यात पोहोचले. प्रांजलने भिंतीकडे तोंड केलं होतं, ते तिने वळवलंच नाही.

संध्याकाळी हमीदभाई घरी आले. नोकरी गेल्याची बातमी त्यांना कळलीच होती. आमच्या युनियनचे ते जुने माणूस, कायद्याचं तोंडपाठ.

"रजेचे पैसे बुडू द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "कामगार कार्यालयात अर्ज टाकू. काढलं म्हणून हक्क जात नाही."

"मला पैसे नकोत, हमीदभाई. मला ती तारीख त्या यादीतून काढून पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं सांगितल्यावर त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "काय माणसं हायेत," ते म्हणाले. "आधी रजा नाकारली, अन् मग तीच कापून बी घेतली?" मग म्हणाले, "बेटा, तारीख काढायची म्हणजे रजाच मागावी लागंल. ती रजा तू वापरली नाही असं ठरलं, की तारीख आपोआप गेली. पैसे मागण्यावाचून इलाज नाही."

मी प्रांजलला निरोप पाठवला. सुनावणीला ये. मी काय सांगते ते समोर बसून ऐक. मग पाहिजे तर आयुष्यभर बोलू नकोस. तिचं उत्तर आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात चिटणीस साहेब आधीच उभे होते. मला बाजूला घेतलं. हमीदभाईंना त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं.

"दीपमालाताई, कशाला वाढवायचं? तुमच्यापुरतं मिटवून टाकू. फक्त तुमच्या टोपीत बिघाड होता असं आम्ही लिहून देतो. सगळी रजा परत, सगळा पगार आज. ती डिसेंबरची तारीखही जाईल, मला कळलंय त्याचं."

"आणि मी काय करायचं?"

"एक वाक्य बोलायचं. माझं मन पूर्ण वेळ कामावर होतं. बस. त्या दिवशीसुद्धा."

मला हवं ते सगळं त्यांनी पुढ्यात ठेवलं होतं. मला तर क्षणभर वाटलं, हा माणूस इतका काही वाईट नाही. मी मान डोलवलीसुद्धा असेन. आत गेले आणि बघितलं, तर शेवटच्या खुर्चीवर प्रांजल बसली होती. किती वाळली होती! पर्स तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती पर्स बघून मला चिटणीसांचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्या दिवशीसुद्धा.

कामगार अधिकारी सरोदे मॅडम. वयाने माझ्याएवढ्याच, नाकावर घसरलेला चष्मा, आवाजात जरब. अर्ज वाचताना त्यांनी दोनदा मान वर करून टोपीविषयी विचारलं. चिटणीसांनी शास्त्र समजावून सांगितलं, दोन जाळी, रक्त, उजेड, सगळं. मग म्हणाले, "मॅडम, आम्हीही आमच्या पातळीवर तपास केला. या विशिष्ट टोपीत बिघाड असण्याची शक्यता वाटते. बाईंनी तसं सांगितलं, तर आम्ही सगळी रजा परत करायला तयार आहोत."

"सांगा, दीपमालाबाई," मॅडम म्हणाल्या. "वादातला सगळ्यात मोठा दिवस डिसेंबरचा दिसतोय, अख्खी पाळी. त्या दिवशी तुमचं मन कामावर होतं?"

चिटणीस माझ्याकडे बघून हसले. हमीदभाई खाली बघत होते. मी मागे वळले. प्रांजल माझ्याकडेच बघत होती, न हलता.

हो म्हटलं की पैसे, हो म्हटलं की यादीतून तारीख गायब. पण हो म्हणजे काय? हो म्हणजे माझी पोर तिकडे एकटी ओरडत होती, आणि मी इथे मन लावून पोलाद उचलत होते. तिच्यासमोर, शपथेवर.

"नव्हतं," मी म्हणाले.

चिटणीसांचं हसू मावळलं. "ताई, नीट विचार करून..."

"नव्हतं. एक मिनिटसुद्धा नव्हतं. टोपीत काही बिघाड नव्हता. मी लेकीपाशी होते. ती कोणत्या खाटेवर असेल, उशाला कोण असेल, तिला तहान लागली असेल का, एवढंच चाललं होतं. टोपडं डोक्यावर थरथरत होतं. दिवसभर थरथरलं. कपाळाला वळ पडले. काढून फेकावंसं वाटलं, पण काढलं की क्रेनवरून उतरवतात आणि खाली पोरं उभी होती. म्हणून थरथरू दिलं. हात काम करत होते, मॅडम. मी तिथं नव्हते."

चिटणीसांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकू आला. "ठीक आहे. म्हणजे टोपी अचूक आहे," ते म्हणाले. "बाईंनी स्वतःच कबूल केलं. मन रजेवर होतं, रजा कापली गेली. आमच्या बाजूने विषय संपला."

"त्या दिवशीचा आलेख आहे तुमच्याकडे? दाखवा," मॅडम म्हणाल्या.

चिटणीसांनी मोठ्या उत्साहाने भिंतीवरच्या पडद्यावर तो लावला. खाली वेळ, वर भटकलेल्या मनाची एक निळी रेघ. पाळीच्या पहिल्या काही मिनिटांत रेघ खाली होती. मग एका जागी ती ताडकन वर चढली आणि वरच राहिली. पडद्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मलाही ती पहिल्यांदाच दिसत होती. स्वतःच्या डोक्यातला तो दिवस असा भिंतीवर लावलेला होता. मागे कुणीतरी तोंडावर हात दाबल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच कोसळले असते.

"ही रेघ वर चढली तेव्हा काय झालं होतं?"

"मी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला."

मॅडमनी हमीदभाईंनी जोडलेला मोबाईलवरचा अर्ज उघडून त्यावरची वेळ बघितली, मग पडद्याकडे बघितलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चिटणीस, मला मेंदूतलं काही कळत नाही. मला रजेतलं कळतं. रजा म्हणजे कामगाराने मागितलेली आणि मालकाने दिलेली. हिने मागितली, तुम्ही दिली नाहीत. जी दिलीच नाही ती हिने उपभोगली कशी?"

"मॅडम, अंगठा आहे तिचा. नियम..."

"नियमाकडे येते. एक सांगा, त्या दिवशी दोन नंबरच्या क्रेनवर कोण होतं?"

"ह्याच होत्या."

"ह्या तर रजेवर होत्या. तुम्हीच सांगताय."

मॅडमनी पडद्याकडे बोट केलं.

"रजेवरच्या बाईच्या हातात तुम्ही दिवसभर वितळलेलं पोलाद दिलंत? खाली माणसं असताना? तुमच्या पडद्यावर ही रेघ दिसत होती, टोपी ओरडून सांगत होती, तरी एका माणसाने क्रेन थांबवली नाही. कारण तुम्हालाही ठाऊक होतं, की ही कामावर आहे. थांबवायची नव्हती, कापायची तेवढी होती." त्यांचा आवाज आता चढला होता. "दीड वर्ष तुमच्या कारखान्यात किती लोक असे रजेवर आहेत?"

चिटणीस कागद चाळायला लागले. हमीदभाईच म्हणाले, "सगळेच, मॅडम. कुणाचीच रजा शिल्लक नाही."

निकाल मॅडमनी तिथेच तोंडी सांगितला, लेखी नंतर आला. माझी सगळी रजा शिल्लक धरून तिचा पगार दोन दिवसांत द्यायचा. आणि बाकीच्या कामगारांसाठी कंपनीने दोहोंतलं एक निवडायचं. मन गेलं म्हणजे माणूस रजेवर, असं म्हणायचं असेल, तर माणूस जागेवर नाही आणि त्याचं यंत्र त्या क्षणी बंद झालं पाहिजे. यंत्र चालू ठेवायचं असेल, तर माणूस कामावर आहे आणि कापलेली रजा परत करायची.

बाहेर आले तर प्रांजल पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, मध्ये थोडी जागा ठेवून.

"ती रेघ," ती म्हणाली. "एकदा वर गेली ती खाली आलीच नाही?"

"नाही."

"लेडल उचलताना बी?"

"नाही गं."

रस्त्यावरून भंगाराचा एक ट्रक खडखडत गेला. मग ती अगदी हळू बोलली, लहानपणी पडल्यावर सांगायची तशी.

"दूध आलं होतं मला, आई. तीन दिवस. कुणी काही सांगितलं नाही त्याचं काय करायचं. अंगाला तेल लावलं नाही कुणी. आठव्या दिवशी स्वयंपाकाला लागले. सासूबाई म्हणल्या, बाळच नाही तर कसलं बाळंतपण?"

हे मला माहीत नव्हतं. आठ महिन्यांत मी तिच्या रागाचाच विचार केला होता. तिच्या अंगाचा, दुखऱ्या कमरेचा, आलेल्या दुधाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी तिला जवळ ओढलं आणि आम्ही दोघी त्या सरकारी पायरीवर मोठमोठ्याने रडलो. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

"चल घरी," मी म्हणाले. "बाळ नाही, पण बाळंतीण आहे ना? सव्वा महिना चल. माझी रजा शिल्लक आहे."

आता ती माझ्याकडे आहे. शेजारणींना नवल वाटतं. आठ महिन्यांनी कसलं बाळंतपण, असं एकीने दारात येऊन विचारलंही. मी तिला डिंकाचा लाडू दिला आणि वाटेला लावलं. सकाळी मी प्रांजलच्या पाठीला तेल लावते, कढत पाण्याने न्हाऊ घालते, डोक्याला फडकं बांधते. पहिले काही दिवस ती नुसती झोपली. मग एकदा न्हाताना तिने स्वतःहून बाळाचं नाव सांगितलं, तिने मनात ठरवलेलं. ते मी इथे लिहिणार नाही.

काल संध्याकाळी हमीदभाई चहाला आले होते. कंपनीने निवड केली म्हणाले. रजा परत करायची तर सगळ्यांचीच करावी लागेल, आणि टोपी अचूक आहे हे चिटणीसांनी तोंडानेच कबूल करून ठेवलेलं. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. टोपडी थेट यंत्रांना जोडली. मन हललं की क्रेन जागच्या जागी थांबणार, भट्टी बंद पडणार. साहेबांना वाटतं, भीतीने तरी लोक मन जागेवर ठेवतील.

"ठेवतील का?" मी विचारलं.

हमीदभाई बशीतला चहा फुंकत राहिले.

आमचं घर कारखान्याच्या मागच्या अंगाला आहे. भट्टीचा घों घों आवाज चोवीस तास असतो, इतका, की तो आहे हे आम्ही विसरलोय. आज दुपारी मी प्रांजलच्या केसांना तेल लावत बसले होते आणि तो आवाज एकदम बंद झाला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. गल्लीतली माणसं दारात आली. पंधरा-वीस मिनिटांनी भट्टी पुन्हा घों घों करायला लागली, आणि दोन मिनिटांत पुन्हा थांबली.

"काय झालं गं?" प्रांजलने मान वर करून विचारलं.

मी तिची मान खाली वाकवली आणि तेलाचा हात परत केसांत घातला.

"काही नाही," मी म्हणाले. "कुणाला तरी घरची आठवण आली असेल."